वैशिक वाङ्मयांतील नवगणिकेस प्रथमोपदेश : एक चिकित्सा

(१)

संस्कृत वाङ्मयांत ‘वैशिक’ या नांवाची एक स्वतंत्र शाखा आहे. वेश म्हणजे गणिकांची वसति. तिच्याशीं संबद्ध तें वैशिक. या शाखेंतील ग्रंथांकडे आजवर पाहिलें गेलें तें बहुधा दोन दृष्टींनीं. काव्यरसिकांनीं त्यांतील आर्यांचें लालित्य व उपहासाची धार वाखाणली. नीतिवाद्यांनीं तें सगळें ठकविद्येचें भांडार ठरवून बासनांत बांधून ठेवलें. परंतु हे ग्रंथ बाह्यतः तरी उपदेशग्रंथ आहेत, आणि उपदेश म्हटला कीं तो घेणारें कोणीतरी असतेंच. त्या घेणाऱ्या स्त्रीच्या बाजूनें हे ग्रंथ वाचले म्हणजे काय हातीं लागतें, हें पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रश्न नेमका मांडतों. एखादी सज्ञान स्त्री स्वतःच्या बळावर हा व्यवसाय नव्यानें करूं लागली, तर तिनें उतावीळ न होतां, जीव व द्रव्य सांभाळून पहिलीं पावलें कशीं टाकावीं, याविषयीं आपल्या पूर्वसूरींनीं कांहीं सांगितलें आहे काय? आणि सांगितलें असल्यास तें कोणाच्या अनुभवांतून आलें? या प्रश्नाच्या निर्णयासाठीं मुख्यतः चार ग्रंथ समोर घेतले आहेत : वात्स्यायनाच्या कामसूत्राचें सहावें अधिकरण, कौटिलीय अर्थशास्त्रांतील गणिकाध्यक्षप्रकरण, दामोदरगुप्ताचें कुट्टनीमत व क्षेमेंद्राची समयमातृका. आमचें मत असें कीं, या वाङ्मयांत दोन निरनिराळे थर आहेत. एक रक्षणाचा व एक लुबाडणुकीचा. पहिला जुना व अनुभवजन्य आहे. दुसरा कवींनीं फुगविलेला आहे. दुसऱ्याच्या गलबल्यांत पहिला ऐकूं येईनासा झाला, ही या शाखेच्या अभ्यासांतील मोठी उणीव होय.

(२)

कामसूत्राच्या आरंभीं शास्त्राची परंपरा दिली आहे. तींत वैशिक अधिकरण दत्तकानें वेगळें काढून रचलें, व तें पाटलिपुत्राच्या गणिकांच्या ‘नियोगा’वरून रचलें, असें सांगितलें आहे. तेराव्या शतकांतील टीकाकार यशोधर यानें जयमंगला टीकेंत याविषयीं एक आख्यायिका दिली आहे. मथुरेहून पाटलिपुत्रास येऊन राहिलेल्या एका ब्राह्मणास उतारवयांत मुलगा झाला. आई लगेच वारली. मुलगा दुसऱ्या ब्राह्मणीस दत्तक दिला, म्हणून तो दत्तक. मोठेपणीं लोकव्यवहार शिकावा या हेतूनें तो गणिकांच्या घरीं जाऊं लागला, आणि त्यांत इतका निष्णात झाला कीं, वीरसेना आदि गणिकांनीं उलट त्यालाच उपदेश मागितला. आख्यायिका म्हणजे इतिहास नव्हे, हें खरें. तथापि तिची दिशा लक्षांत घेण्यासारखी आहे. ज्ञान प्रथम गणिकांच्या घरून दत्तकाकडे गेलें आणि मग सूत्ररूपानें त्यांच्याकडे परत आलें, असें ती सांगते.

येथें ‘नियोग’ या एका शब्दाकडे वाचकांचें लक्ष वेधावेंसें वाटतें. बर्टनच्या नांवाशीं निगडित असलेलें जें इंग्रजी भाषांतर १८८३ सालीं निघालें, व ज्याच्या सिद्धतेंत पंडित भगवानलाल इंद्रजी यांचा हात होता, त्यांत या शब्दाचा अर्थ ‘विनंती’ असा केला आहे. संस्कृतांत नियोग म्हणजे आज्ञा, नेमणूक, काम सोंपवून देणें. विनंती करणारी याचक असते. नियोग करणारी मालक असते. एका शब्दाच्या भाषांतरानें गणिका या ग्रंथाच्या यजमानीण होत्या त्या आश्रित ठरल्या. दत्तकाचा मूळ ग्रंथ आज उपलब्ध नाहीं. गंग राजघराण्याच्या ताम्रपटांत माधव (दुसरा) या राजानें दत्तकसूत्रावर वृत्ति केल्याचा उल्लेख येतो, त्यावरून तो ग्रंथ दक्षिणेंतहि प्रतिष्ठा पावला होता एवढें निश्चित. मूळ हातीं नसल्यामुळें वात्स्यायनानें केलेल्या संक्षेपावरच आपणांस विसंबावें लागतें. तो संक्षेप मात्र बारकाईनें वाचण्याच्या योग्यतेचा आहे.

(३)

पहिली गोष्ट प्रकरणांच्या क्रमाची. वैशिक अधिकरणाचा आरंभ पुरुषाच्या वर्णनानें होत नाहीं, शृंगारानेंहि होत नाहीं. तो साहाय्यकांच्या विचारानें होतो. कोणता पुरुष, हा प्रश्न मागाहून. आपल्या पाठीशीं कोण, हा अगोदर. साहाय्यक कशासाठीं, याचीं जीं प्रयोजनें सूत्रकारानें मोजलीं आहेत त्यांत आपल्यावर येणाऱ्या अनर्थाचा प्रतिकार व्हावा आणि येणाऱ्या पुरुषाकडून आपला पाणउतारा होऊं नये, हीं दोन स्पष्ट शब्दांनीं दिलीं आहेत. यादींत प्रथम नगररक्षक, मग न्यायसभेंतील माणसें. त्यांच्या पाठोपाठ ज्योतिषी, पराक्रमी व शूर पुरुष, आणि ‘समानविद्य’. पुढें माळी, अत्तरवाला, मद्यविक्रेता, परीट, न्हावी, भिक्षुक. ही नावनिशी पाहिली म्हणजे ती कोणा रसिकानें घरांत बसून केलेली नसून पेठेच्या व्यवहारांतून उचललेली आहे, याविषयीं शंका राहत नाहीं. ज्याच्या कानावर गांवची बातमी प्रथम येते आणि जो हांक मारतांच धांवून येऊं शकतो, असाच प्रत्येक जण यांत आहे. ‘समानविद्य’ हें रूप पुल्लिंगी आहे. परंतु मिश्र समूहाचा निर्देश करतांना पुल्लिंग योजण्याची व्याकरणाची रीति लक्षांत घेतां, त्याच विद्येंतील दुसरी स्त्री तेथें वगळली आहे असें मानण्याचें कारण नाहीं.

दुसरी गोष्ट विलंबाची. बोलावणें आलें तरी तत्काळ होकार देऊं नये, असें सूत्र आहे. सहज मिळालेल्या वस्तूची पुरुष किंमत ठेवीत नाहींत, असें त्याचें कारण दिलें आहे. हें कारण वाचून बहुतेक अभ्यासक तेथेंच थांबतात व त्यास नखरा म्हणून सोडून देतात. पण पुढचाच विधि काय आहे? या मधल्या काळांत अंग चेपणारे, गवई, विदूषक असे विश्वासांतले लोक पाठवून त्या पुरुषाचा भाव, त्याची शुचिता, त्याची आसक्ति व देण्याघेण्याची दानत यांचा शोध घ्यावा. हा शोध झाल्यावर पीठमर्दानें लावे, कोंबडे किंवा एडके यांच्या झुंजी, पोपट-मैनांचे बोल, एखादा तमाशा यांचें निमित्त करून त्याला आणावें किंवा तिला तिकडे न्यावें. म्हणजे पहिली भेट चार माणसांच्या देखत होते. अर्थात् विलंब हा अलंकार नसून चौकशीला लागणारा अवधि आहे. धीर धरणें म्हणजे येथें हातावर हात ठेवून बसणें नव्हे. माहिती हातीं येईपर्यंत दार न उघडणें होय.

तिसरी गोष्ट वर्ज्य पुरुषांची. यादीच्या अग्रभागीं क्षयी, रोगी, पोटांत कृमि असलेला व मुखदुर्गंधीचा असे चौघे आहेत. हा आरोग्याचा विचार झाला. पुढें कठोर बोलणारा, कृपण, निर्दय, वडीलधाऱ्यांनीं टाकलेला, चोर, दांभिक, जारणमारणाच्या नादीं लागलेला, मानापमानाची चाड नसलेला, निर्लज्ज. यांत पैसा न देणारा असा कृपण एक. आपल्या पत्नीवर अनुरक्त असलेलाहि एक. बाकी बहुतेक इजा करणारे किंवा इजेचा संभव असलेले आहेत. चोर व निर्दय यांच्याकडे द्रव्य असूं शकतें. तरी ते वर्ज्य. केवळ द्रव्य हाच ज्या शास्त्राचा हेतु म्हणून आक्षेप घेतला जातो, त्या शास्त्रानें द्रव्य असलेल्या माणसास दारांतून परत पाठविण्यास सांगावें, ही गोष्ट आक्षेपकांच्या नजरेंतून निसटलेली दिसते.

चौथी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. गणिकेनें पुरुषाचा स्वीकार कोणत्या कारणांनीं करावा, याची पूर्वाचार्यांनीं लांबलचक यादी केली होती. वात्स्यायन ती छाटून तीनच कारणें ठेवतो : अर्थलाभ, अनर्थाचें निवारण, आणि प्रीति. मधलें कारण दोहोंच्या मध्यें आहे म्हणून तें गौण नव्हे; कारण अधिकरणाचा शेवटचा अध्याय बव्हंशीं त्यालाच वाहिलेला आहे. तेथें अनर्थ कशानें ओढवतो याचीं कारणें मोजलीं आहेत : बुद्धीचा दुबळेपणा, अतिशय आसक्ति, अतिशय अभिमान, अतिशय दंभ, अतिशय सरळपणा, अतिशय विश्वास, अतिशय क्रोध, गाफीलपणा, अविचारी धाडस आणि दैव. दंभ जितका घातक तितकाच भोळा सरळपणा घातक, हें त्यांतील तारतम्य लक्षणीय आहे. दैवाचा क्रम अगदीं शेवटीं आहे, हेंहि लक्षांत ठेवावें. जें आपल्या हातीं आहे तें अगोदर सांभाळा, असा त्याचा सरळ अर्थ.

मिळकतीसंबंधींहि सूत्रकाराची दृष्टि लांबची आहे. उत्तम गणिकेच्या विशेष लाभाचा विनियोग देवालयें, तलाव व बागा बांधण्यांत व्हावा असें तो सांगतो. यांत धर्मबुद्धि आहेच. परंतु ज्या गांवांत रहावयाचें त्या गांवांत आपलें नांव दगडांत कोरून ठेवणें, हा आश्रय मिळविण्याचाहि एक मार्ग असतो, हें शिलालेखांशीं परिचय असलेल्या वाचकांस सांगावयास नको.

(४)

येथपर्यंत शास्त्राची बाजू मांडली. आतां त्याचें व्यंग. नवगणिका ‘स्वतंत्र’ आहे काय, असें विचारलें तर उत्तर नकारार्थी येतें. कामसूत्र तिला क्रूर स्वभावाच्या व द्रव्यलोभी मातेच्या आधीन रहावयास सांगतें. खरी माता नसेल तर मानलेली चालेल. या मातेचा उपयोग काय? तर नको असलेल्या प्रसंगीं तिनें मुलीस बळेंच घेऊन जावें व मुलीनें लाचारी दाखवावी. म्हणजे ‘नाहीं’ म्हणण्याचें काम मातेच्या तोंडून करून घ्यावयाचें. युक्ति उपयुक्त आहे. एकटी स्त्री नाहीं म्हणेल तर तिच्यावर हात उगारला जाईल, घरांत थेरडी असेल तर रोष तिच्यावर जाईल. परंतु स्वतःचा नकार दुसऱ्याच्या तोंडून उसना घ्यावा लागतो, यांतच परतंत्रतेची कबुली आहे.

या संदर्भांत मृच्छकटिकाचा चौथा अंक स्मरणीय आहे. देवलांच्या संगीत मृच्छकटिकामुळें तो मराठी प्रेक्षकास अपरिचित नाहीं. राजश्यालक शकारानें गाडी व दहा हजारांचे अलंकार पाठविले असून माता जाण्याची आज्ञा करते. वसंतसेना मातेसच उलट निरोप धाडते कीं, मी जिवंत रहावें असें वाटत असेल तर पुन्हां अशी आज्ञा नको. शास्त्रांत नकार मातेच्या द्वारें. नाटकांत नकार मातेलाच. शूद्रकानें शास्त्राची उलटापालट केली ती एवढ्या एका निरोपांत. पुढें गाडी चुकल्यामुळें ती त्याच शकाराच्या तावडींत सांपडते व तो तिचा गळा दाबतो, तेव्हां तिच्याजवळ सूत्रकारानें सांगितलेला एकहि रक्षक नसतो. नकाराचा अधिकार आणि पाठीशीं माणसें, या दोहोंपैकीं एक असून भागत नाहीं, हें नाटककारानें जाणलें होतें.

याहून मोठें व्यंग वयाचें. शास्त्रकारांचा आरंभ बालपणींच होतो. अर्थशास्त्रांत आठव्या वर्षापासून राजसेवेंतील गायनवादनाचें काम नेमून दिलें आहे. ज्या वयांत संमति संभवतच नाहीं, त्या वयांत दुसऱ्यांनीं ठरविलेल्या आयुष्यास व्यवसाय म्हणणें हा भाषेचा विपर्यास होय. वैशिक वाङ्मयांतील रक्षणविचाराची थोरवी सांगतांना ही मर्यादा झांकून ठेवणें टीकाकारास शोभणार नाहीं.

(५)

आतां कवींकडे वळूं. दामोदरगुप्त हा आठव्या शतकाच्या अखेरीच्या सुमाराचा, काश्मीरच्या जयापीड राजाचा मंत्री. त्याच्या काव्याचा ग्रंथेतिहास संग्राहकांस बोधप्रद आहे. पीटर पीटर्सन यांस १८८३ सालीं खंबायतच्या जैन भांडारांत याची ताडपत्री प्रत मिळाली. १८८७ सालीं पं. दुर्गाप्रसादांनीं काव्यमालेंत तें छापलें, पण प्रत अपुरी होती. नेपाळांतील हस्तलिखिताच्या आधारें मधुसूदन कौल यांची आवृत्ति कलकत्त्यास १९४४ सालीं निघाली. आणि देझो व गुडॉल यांची सटीप आवृत्ति २०१२ सालीं. म्हणजे अर्धशतकाहून अधिक काळ या ग्रंथाविषयींचीं मतें तुटक्या पाठावर बनलीं.

कथा अशी : वाराणसींतील तरुण मालती विकराला नांवाच्या वृद्ध कुट्टनीकडे सल्ला मागावयास जाते. प्रसंग अगदीं आपल्या विषयाचा. पण विकराला सांगते काय? चिंतामणि नामक अधिकारीपुत्रास दूती पाठवून कसें वश करावें, अनुराग कसा भासवावा, द्रव्य कसें काढावें व निर्धन झाल्यावर कसें घालवावें. साहाय्यकांची निवड, रोग्याचा व निर्दयाचा त्याग, अनर्थाचीं कारणें यांना या उपदेशांत जवळजवळ स्थान नाहीं. हारलतेची खरी प्रीति व तिचा मृत्यु ही काव्यांतील अत्यंत हृद्य कथा. तीहि गणिका प्रेम करूं शकते असें गिऱ्हाइकास पटविण्याचें साधन म्हणून सांगितली आहे. चौकशीचा विलंब येथें सोंगाचा विलंब झाला.

असें कां झालें, याचा उलगडा काव्याच्या अखेरीस होतो. हें काव्य जो नीट ऐकेल तो विट, वेश्या, धूर्त व कुट्टनी यांच्याकडून फसणार नाहीं, असा फलश्रुतीचा आशय आहे. दत्तकाचा ग्रंथ गणिकांकरितां होता. दामोदरगुप्ताचा ग्रंथ त्यांच्याकडे जाणाऱ्या पुरुषाकरितां आहे. श्रोता बदलला आणि उपदेशाचें विडंबन झालें. क्षेमेंद्राची समयमातृका (इ. स. १०५०) याच वाटेनें पुढें जाते. तरी क्षेमेंद्राच्या काव्यांत जुन्या थराचा एक अंश शिल्लक आहे. घरांतील वडील स्त्री मरण पावल्यानें कलावती निराधार होते आणि न्हावी कंक तिला कंकालीस माता करून घेण्याचा सल्ला देतो. सल्लागार न्हावी आहे, हा योगायोग नव्हे. तो कामसूत्राच्या यादींतून सरळ चालत आला आहे. उपहासाच्या मुखवट्याआड एकट्या पडलेल्या नवख्या स्त्रीची भीति क्षणभर दिसते व लगेच हंशांत बुडून जाते.

(६)

राजशासनाची बाजू थोडक्यांत पाहूं. कौटिल्य राजगणिकेस हजार पण देतो व तिच्या मुक्ततेचें मूल्य चोवीस हजार पण ठरवितो; म्हणजे आरंभाचें मोल एक आणि सुटकेचें चोवीसपट. स्वतंत्र रूपाजीवेकडून तो महिन्यास दोन वेळच्या शुल्काइतका कर घेतो. मोबदल्यांत तिला इजा करणाऱ्यास दंड आहे. पण राजाज्ञा झाली असतां राजगणिका पुरुषाकडे न गेल्यास तिला हजार फटके किंवा पांच हजार पण दंड, हेंहि त्याच प्रकरणांत आहे. तिचा नकार राजापुढें चालत नाहीं.

आपल्या प्रांतांत ही दुहेरी रीति दीर्घकाळ टिकली. पेशवाईंत कलावंतिणींस बिदागी मिळे, आणि त्याच राज्यांत व्यभिचाराच्या आरोपावरून स्त्रियांस बटीक करून सरकारी कामास लावीत. इंग्रजी अमलांत १८६८ च्या कायद्यानें स्त्रियांची नोंद व सक्तीची तपासणी आली. तो कायदा १८८८ त रद्द झाला. १९५६ चा अनैतिक व्यापाराविषयींचा कायदा सज्ञान स्त्रीच्या व्यवसायास स्वतः गुन्हा म्हणत नाहीं. परंतु दोन स्त्रियांनीं परस्परांच्या लाभासाठीं एक जागा वापरली तर ती जागा कुंटणखाना ठरूं शकते. सूत्रकारानें जें साहाय्य प्रथम सांगितलें, त्याच समानविद्यांच्या सहवासावर कायद्याची नजर आहे, हा विरोध विचारी वाचकांस जाणवल्यावांचून राहणार नाहीं. सर्वोच्च न्यायालयानें १९ मे २०२२ रोजीं दिलेल्या आदेशांत या स्त्रियांशीं पोलिसांनीं सन्मानानें वागावें, अत्याचार झाल्यास त्यांना वैद्यकीय साहाय्य मिळावें, आणि आरोग्यरक्षणाचीं साधनें जवळ असणें हा गुन्ह्याचा पुरावा समजूं नये, असें सांगितलें आहे. सांगलीस १९९६ सालीं स्थापन झालेली वेश्या अन्याय मुक्ति परिषद, व पुण्याच्या बुधवार पेठेंतील सहेली संघ, या खुद्द त्या स्त्रियांच्याच संस्था. तेथें जुनी नवीला सांगते. मातृकेच्या जागीं संघ आला आहे, आणि नकार उसन्या तोंडानें द्यावा लागूं नये हा त्याचा हेतु आहे. पाटलिपुत्रांतील नियोगाचा धागा असा पुनः हातीं लागतो.

(७)

शेवटीं संग्राहक मित्रांस एक निवेदन. नारायण पेठेंतील जुने वाडे एकामागून एक उतरविले जात आहेत. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटून नदीकांठच्या या पेठेंत पाणी शिरलें, तेव्हां पुष्कळ घरांतील दप्तरें गेलीं. जीं वांचलीं तीं आतां माळ्यावरून खालीं येत आहेत. अशा वेळीं वेदान्ताची पोथी पुढें ठेवली जाते, वंशावळ व सनद जपली जाते. पण एखाद्या कलावंतिणीची पावती, बिदागीची याद, बटकीच्या सुटकेचा कागद किंवा वैशिकाचें सुटें पान निघालें तर घराण्याच्या अब्रूच्या भयानें तें बंबांत जातें. जळतें तें कुलीन घराण्याचें लांछन नव्हे. जिच्या हातचें दुसरें कांहींच उरलें नाहीं, अशा एका स्त्रीचा एकुलता एक पुरावा जळतो.

दत्तकाचें सूत्र आपण गमावलें आहे. कवींनीं केलेलें विडंबन मात्र खंबायत, नेपाळ अशा दूरदूरच्या भांडारांत काळजीनें जपलें गेलें. कोणती प्रत जगावी हें एका परीनें जपणारेच ठरवितात. म्हणून विनंती कीं, असा कागद हातीं आला असतां तो वाचण्यापूर्वीं टाकूं नये. मिति, शुल्काचा आंकडा, साक्षीदारांचीं नांवें व तो कोणत्या रुमालांत सांपडला तें टिपून ठेवावें. साक्षीदारांत न्हावी, माळी, अत्तरवाला यांपैकीं कोणी निघाल्यास तें आवर्जून कळवावें. त्या स्त्रीच्या पाठीशीं कोण उभें होतें, हें त्यावरूनच ठरेल.

नारायण पेठ, पुणें.